आई आल्यावर या

आमच्या घरात चहा उलटा शिकवत. आई आधण ठेवायची, साखर-पावडर टाकायची, दूध घालून उकळी आणायची, गाळणं कपावर धरायची आणि शिकणाऱ्याला फक्त ओतायला लावायची. ओतणं जमलं की मग गाळणं धरायचं. ते जमलं की गॅस बंद करायचा. असं करत करत, मागे मागे जात, सगळ्यात शेवटी तो माणूस पातेल्यात पाणी मोजून घालायला शिकायचा. बाबा प्राथमिक शिक्षक, जन्मभर पोरांना ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत सरळ नेलेला माणूस. त्यांना हे काही केल्या पटत नसे. “अहो, घर बांधताना कौलं आधी घालतात का?” असं ते पेपराआडून विचारायचे. आई म्हणायची, “तुमच्या पोराला ‘ज्ञ’ आला की खायला काय मिळतं? माझ्या माणसाला ओतलं की चहा मिळतो.” आणि बाबांना चहाही त्याच माणसाच्या हातचा प्यावा लागे, कधी नुसतं गोड पाणी, कधी कपापेक्षा बशीतच जास्त.

‘माझा माणूस’ हा आईचा शब्द. आई सरकारी नर्स. दिवेआगरच्या अलीकडच्या वाड्यावस्त्यांवर लसी टोचत फिरताना तिला घरोघरच्या मागच्या खोल्यांत ही माणसं दिसायची. वयानं वाढलेली, मिशा आलेली, केस पिकायला लागलेली, आणि दिवसभर भिंतीला टेकून बसलेली. नोकरी संपल्यावर तिनं एका संस्थेच्या मागे लागून एक कपाट, थोड्या खुर्च्या आणि गॅसची शेगडी मिळवली आणि आमच्या पडवीत वर्ग सुरू केला. गावात त्याला ‘वेड्यांची शाळा’ म्हणत. आईच्या कानावर हे आलं की ती म्हणणाऱ्याच्या घरी जाऊन भांडून यायची. मला मात्र तेव्हा ते नाव चुकीचं वाटत नव्हतं. बारावी झाली होती, डी.एड.च्या यादीत नाव लागलं नव्हतं, मैत्रिणी पनवेल-महाडला गेल्या होत्या, आणि मी घरात तोंड फुगवून बसले होते. आईनं ते फुगलेलं तोंड थोडे दिवस पाहिलं आणि एके सकाळी बाबांची बुद्धवंदना आटोपताच मला पडवीत नेऊन उभं केलं. “हा मधूदा. वयानं मोठा आहे, दादा म्हणायचं. त्याला लहान पोरासारखं बोललीस तर याद राख.”

मधूदा कोळीवाड्यातला, तिशी उलटलेला, अंगानं दणकट. चेहरा मात्र असा स्वच्छ की त्याच्याकडे रागानं बघणं जड जायचं. बोलायचा थोडं, तेही एकच वाक्य दोनतीनदा. हात मात्र सुरेख चालत. सुकवलेला जवळा सुपात घेऊन बसला की त्यातल्या बारीक खेकड्या, शिंपल्या, काड्या असा वेचायचा की व्यापारी त्याच्या टोपलीला वेगळा भाव देत. त्याची आई चांगुणाबाय ते कौतुक ऐकून घ्यायची आणि लगेच पदर तोंडाला लावायची. पहिल्या दिवशी ती आमच्या अंगणातच बसली, आत आली नाही, आईनं पुढे केलेला चहाही तिनं घेतला नाही. बाबांनी नुसत्या भुवया उंचावल्या. मग एक दिवस तो चहा मधूदानं ओतलेला निघाला. चांगुणाबायनं कपाकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं आणि उंबरा ओलांडून आत येऊन बसली. तेव्हापासून ती यायची ती पदराआड भाजलेले बोंबील घेऊनच. आमच्या घराला जवळ्याच्या चटणीचा आणि तांदळाच्या भाकरीचा जो वास होता, त्यातला अर्धा तिच्या घरचा.

तिचं मागणं एकच होतं आणि ते ती उठता-बसता बोलून दाखवायची. “बाय, मी हाय तवर हाय. माज्या मागं याला याच्या घरात र्‍हाता आला पायजे. दुसरा काय नको मना.” मोठा मुलगा हरेश बोटीवर नोकरीला होता, दूरदेशी, बायको मुंबईला, कितीतरी वर्षं गावाकडे आला नव्हता. पैसे पाठवायचा, किराणा दुकानातल्या फोनवर बोलायचा. तो वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचताना तुम्ही त्याच्यावर दात खाल, आणि तसं करून मलाच काही मिळालं नाही. त्याचं म्हणणं असं की आईनंतर मधूला पनवेलच्या बाजूच्या एका आश्रमात ठेवायचं, पैसे तो भरेल. चांगुणाबाय फोनवर रडून त्याला सांगायची, “येकदा येऊन बग. तो च्या करतो, भात करतो, आंगोल करतो. आपल्या डोल्यांनी बग आनि मग ठरव.” आणि हरेश म्हणायचा, बघतो, सुट्टी मिळाली की येतो.

तेव्हा मधूदाला त्याच्या घरात एकटं राहता आलं पाहिजे, हे आमचं काम ठरलं. त्यातली पहिली ठेच आम्हाला लगेच लागली. आमच्या पडवीत उत्तम चहा करणारा मधूदा स्वतःच्या घरी शेगडीपुढे नुसता उभा राहिला. शेगडीचं बटण डावीकडे होतं, पातेलं जर्मनचं होतं, साखरेच्या डब्यावर चित्र नव्हतं, आणि त्याच्या लेखी हा चहा वेगळा होता, तो त्याला कुणी शिकवलाच नव्हता. मला रडू आलं. आई म्हणाली, “मग तिकडे जाऊन शिकव.” त्या दिवसापासून मी रोज सकाळी कोळीवाड्यात जायला लागले. मासळी वाळत घालायच्या वळया, जाळी विणत बसलेले म्हातारे, रेडिओवर लागलेली गाणी, आणि मधूदाचं ते चिंचोळं घर. तिथे मी पुन्हा ओतण्यापासून सुरुवात केली. आधी मला त्याचा कंटाळा यायचा. पुढे कधीतरी असं झालं की सकाळी डोळे उघडले की आज मधूदा भाताचं पाणी काढेल का, हाच विचार पहिला यायचा. माझं फुगलेलं तोंड कधी उतरलं ते मला कळलंही नाही.

आणि मग ती गोणीची गोष्ट झाली. चांगुणाबाय बाजाराला गेली असताना कुणी एक माणूस दारात आला आणि म्हणाला, आईनं बोंबलाची गोणी मागितली आहे. मधूदानं ती त्याच्या गाडीत नेऊन ठेवली, वर पाणीही पाजलं. हंगामाची कमाई गेली. दुसऱ्या दिवशी चांगुणाबाय आमच्याकडे येऊन आईचा हात धरून म्हणाली, “च्या नको, भात नको. याला आदी दार शिकव.”

दार शिकवायला एक अख्खा पावसाळा गेला. बाबांनी सुतार आणून दाराला आतून साखळी बसवून घेतली, दार हातभर उघडेल एवढीच. कुणी आलं की साखळी न काढता बघायचं. सुजाबाय, म्हणजे मी, माझे आईबाबा, शेजारची गोदीकाकू आणि स्वतःची आई, एवढ्यांनाच आत घ्यायचं. दुसरं कुणीही असलं तर म्हणायचं, “आई आल्यावर या,” आणि दार लावून घ्यायचं. ऐकायला किती सोपं. पण मधूदाचा स्वभाव असा की दारात कुत्रं आलं तरी त्याला आत बोलवावंसं वाटायचं. आम्ही गावातल्या सगळ्यांना कामाला लावलं. पोस्टमन, शिंपी, मच्छीचा व्यापारी, जो मिळेल तो दार वाजवायचा. बरोबर जमलं की मी बाहेरून हाक मारायची, “मधूदा, उघड, झालं,” तो उघडायचा, मी शाब्बास म्हणायची आणि एक खारी द्यायची. खारी तो उभ्या-उभ्या खायचा आणि शर्टावरचे तुकडे वेचून तेही खायचा.

बाबांचा या सगळ्याला विरोध होता तो कधी मावळला कळलंच नाही. उलट त्यांनाच चेव चढला. म्हणाले, “लुच्चा माणूस मी लुच्चा आहे असं सांगत येत नाही. तो म्हणेल मी तुझा काका, मी तुझा भाऊ.” आणि गॉगल लावून, गावातल्या कुणाची तरी टोपी घालून ते स्वतः मधूदाच्या दारात गेले. “अरे मधू, ओळखलं नाहीस? मी तुझा भाऊ, मुंबईहून आलोय.” पहिल्यांदा मधूदानं साखळी काढलीच. मग हळूहळू तो शिकला. गोदीकाकूला आम्ही बाबांच्या शेजारी उभं करून बोलायला लावलं, “आरं उघड, तुजा भाऊसच हाय.” तरी तो बधला नाही. बाबांनी छत्रीची दांडी फटीतून आत घालून साखळी काढायचा प्रयत्न केला, तेव्हा मधूदानं सगळं वजन टाकून दार लोटलं. दांडी वाकली. आम्ही रस्त्यावर पोट धरून हसलो. चांगुणाबायला इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

आज आमच्या वर्गात हे सगळं मोबाईलवर दाखवतात. लांबच्या नातेवाइकांचे चेहरे, त्यांचे आवाज, व्हिडिओ कॉल. नव्या मुली मला विचारतात, मॅडम, तुम्ही भावाचा फोटो नव्हता का दाखवला? दाखवला होता. भिंतीवरच होता. त्यात काळ्याभोर केसांचा, बारीक अंगाचा एक मुलगा चौपाटीवर उभा होता.

त्या दिवाळीनंतर चांगुणाबाय वळीवर पाय घसरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. तिला म्हसळ्याला दवाखान्यात ठेवलं. हरेशला फोन गेला आणि या वेळी तो निघाला. दवाखान्यातल्या खाटेवरून ती मला म्हणाली, “आता येतोय तो. मधूला बगंल. माजा पाय मोडला ता बराच झाला.” मधूदा घरी एकटा राहिला. आम्ही मुद्दाम त्याला आमच्याकडे आणलं नाही. मी सकाळ-संध्याकाळ डोकावून यायची, गोदीकाकूचं लक्ष असायचं, पण केलं सगळं त्यानंच. उठला, आंघोळ केली, चहा केला, भात केला, त्यावर सुकटीचं कालवण गोदीकाकूकडून घेतलं, भांडी घासून पालथी घातली, जवळा वेचला. शर्टाची बटणं एकही वर-खाली नाही. मी बघत उभी राहायची आणि मला वाटायचं, आता हरेशनं नुसतं यावं आणि हे बघावं, बोलायची गरजच पडणार नाही.

असं ठरलं होतं की हरेश म्हसळ्याला उतरेल, बाबा त्याला स्टँडवर भेटतील, आधी दवाखान्यात आईला भेटून मग संध्याकाळी सगळे मिळून घरी येतील. मी आधीच मधूदाजवळ असेन, हा हरेशदादा म्हणून दाखवीन, आणि मधूदा त्याला चहा करून देईल. चहासाठी मी आलं नेऊन ठेवलं होतं. पण हरेश विमानतळावरून गाडी करून निघाला आणि दवाखान्यात न थांबता भर दुपारी थेट स्वतःच्या दारात उतरला. बाबा तिकडे स्टँडवर प्रत्येक एस.टी.त डोकावत राहिले.

मी जेवत होते. गोदीकाकू धापा टाकत आमच्या अंगणात आली. “बाय, चल बिगी. हरेश आलाय आनि तो दार उघडीत न्हाय. मी सांगितला, भाऊस हाय तुजा, तरी उघडीत न्हाय.” हात न धुताच मी पळाले. आमचं घर आणि कोळीवाडा यांच्यामध्ये वाळूची वाट आहे, तीवरून पळता येत नाही, पाय रुततात. वळणावरून मला ते दार दिसलं. बॅगा रस्त्यावर ठेवलेल्या, भोवती वळीवरून आलेल्या बायका, आणि दारात एक टक्कल पडलेला, पोट सुटलेला, घामानं भिजलेला माणूस. तो ओरडत होता, “मधू, अरे माझ्याच घराचं दार आहे हे!” आतून मधूदाचा आवाज आला, नेहमीसारखा, न चिडता. “आई आल्यावर या. आई आल्यावर या.” मग मला दिसलं की हरेशनं फटीतून हात आत घातला आहे आणि साखळी चाचपतो आहे. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. समुद्राकडून वारा होता, त्याच्यापर्यंत काही पोचलं नसावं. दार लागल्याचा आवाज आणि त्याची किंकाळी मला एकदमच ऐकू आली.

मी दाराशी पोचून म्हटलं, “मधूदा, उघड.” दार क्षणभर ढिलं झालं, हरेशनं हात ओढून घेतला, मग साखळी सरकली. मधूदा उंबऱ्यात उभा राहिला. भांग पाडलेला, शर्ट खोचलेला. माझ्याकडे बघून हसला, म्हणाला, “झाला? झाला, सुजाबाय?” आणि त्यानं खारीसाठी हात पुढे केला. शेजारी त्याचा भाऊ खाली बसला होता. दोन बोटं चेचली होती, गोदीकाकू आपल्या पदराची चिंधी फाडत होती. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, “शाब्बास.” हरेशनं मान वर करून माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरलेले नाही. त्याला वाटलं असेल, ही पण त्यातलीच. वाटू दे. मधूदा चुकला नव्हता, आणि जगात निदान एका माणसानं त्याला ते सांगायला हवं होतं. तो शब्द मी आजही मागे घेणार नाही. पण त्या शब्दानं आमच्या बाजूचं जे काही उरलं होतं तेही गेलं, हेही मला तेव्हाच कळलं होतं.

संध्याकाळी हरेश बोटांना पट्टी बांधून आमच्या पडवीत बसला. आईनं त्याला सगळं समजावून सांगितलं, गोणीपासून छत्रीपर्यंत. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. तो शांत होता हेच वाईट होतं. ओरडला असता तर आईनं त्याला भांडून चीत केलं असतं. तो म्हणाला, “मावशी, तुम्ही त्याच्यासाठी खूप केलंत. पण मला एक सांगा. उद्या आत आग लागली आणि बाहेरून शेजारी दार ठोकायला लागले, तर? तो आजारी पडला आणि डॉक्टर आला, तर? ही ताई गावात नसली, तर?” बाबा म्हणाले, तेही शिकवू. “किती गोष्टी शिकवणार?” हरेश म्हणाला. “एकेक गोष्टीला एकेक पावसाळा. माझी आई तेवढी जगणार आहे का?” माझी आई, जी सरपंचापासून तलाठ्यापर्यंत कुणाला सोडत नसे, ती जमिनीकडे बघत बसली. मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला डोकं टेकवलं. मला एवढा राग आला होता आणि तो काढायला समोर कुणीच नव्हतं. त्याचा प्रश्न खोटा असता तर किती बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात चांगुणाबायला सगळं कळलं. तिनं मला जवळ बोलावून हळूच विचारलं, “उघडलान न्हाय?” मी म्हटलं, नाही. “भाऊस म्हनून सांगितला तरी?” तरी नाही. तिचा चेहरा एकदम फुलला, अगदी क्षणभर. मग तिनं तोंड भिंतीकडे केलं आणि हरेश जे जे बोलला त्या सगळ्याला “तू म्हंशील ता” एवढंच म्हणत गेली. तिला तो मुंबईला आपल्या बायकोकडे घेऊन गेला. मधूदाला आश्रमात. मी आईला म्हटलं, आपण ठेवून घेऊ, आपल्या पडवीत राहील. आई म्हणाली, “तो सख्खा भाऊ आहे, सुजाता. आपण कोण?” मी खूप बोलले तिला त्या दिवशी. तिनं ऐकून घेतलं. तिला माझ्याहून जास्त लागलं होतं, हे कळायला मला स्वतःची मुलं व्हावी लागली.

गाडीत बसताना मधूदा खूश होता. त्याला गाडी आवडायची.

पुढच्या उन्हाळ्यात मी आणि आई त्याला भेटायला गेलो. मी तिथे भांडायच्या तयारीनं गेले होते. पण भांडायला काही सापडेना. जागा स्वच्छ, फरशी पुसलेली, खिडकीबाहेर बाग, काम करणाऱ्या बाया प्रेमळ. मधूदाला कुणीतरी सुंदर आंघोळ घालून पावडर लावली होती. केस बारीक कापले होते. शर्टाऐवजी डोक्यातून घालायचा सदरा होता, बटणं नसलेला. मी “मधूदा” म्हटल्यावर तो हसला, पण उठला नाही. जेवणाची वेळ होती. ताट आलं, वरण-भात कालवलेला. मी ते त्याच्यापुढे सरकवलं. तो ताटाकडे बघत राहिला, हात मांडीवर. मी त्याचा उजवा हात उचलून ताटात ठेवला. तो हात तिथेच राहिला, भातावर, नुसता. मी त्याची बोटं माझ्या बोटांत धरून घास करायला लागले, आणि मला जाणवलं की ती बोटं, जवळ्यातून केसाएवढी काडी वेचणारी, माझ्या हातात काहीच करत नव्हती. आई दुसरीकडे बघत होती.

तेवढ्यात तिथली बाई आली. तिनं अगदी मायेनं माझा हात बाजूला केला, मधूदाचा हात ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा त्याच्या मांडीवर ठेवला आणि मला म्हणाली, “राहू द्या हो ताई. इथे त्यांना काही म्हणजे काही करावं लागत नाही.” ती घास घेऊन वाकली, आणि मधूदानं आ केला.